हरकत घेण्याची मुदत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला सांगितले, "अमेरिकेत इतकी वर्षे राहून आलात, तिकडचे काही सांगा." तिकडचा बर्फ, रस्ते आणि दुकाने यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी आज जरा रुक्ष विषय घेणार आहे. सरकारी रुग्णालयांना नर्सेस पुरविण्याचे कंत्राट कोणाला मिळते, आणि ते गैररीतीने दिले गेले असे वाटल्यास लहान धंदेवाल्याने काय करावे, हा तो विषय. आपल्या मंडळाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तो मी शेवटी सांगेन.

मेरीलँड राज्यातील एका लहान संस्थेत मी अकरा वर्षे हिशेबाचे व टेंडरांचे काम केले. संस्थेच्या मालकीणबाई स्वतः पूर्वी नर्स होत्या. तिकडे सैन्याची रुग्णालये आहेत, माजी सैनिकांची निराळी आहेत. कायम नोकरीतली माणसे पुरत नाहीत म्हणून सरकार नर्सेस, तंत्रज्ञ, कधी डॉक्टरसुद्धा कंत्राटाने घेते. १९५३ साली तेथे लहान धंद्यांसाठी कायदा झाला आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते निघाले. सरकारच्या थेट कंत्राटांच्या रकमेपैकी निदान २३ टक्के लहान धंद्यांकडे आणि ५ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या लहान धंद्यांकडे जावी, असे उद्दिष्ट आता कायद्यातच आहे. तात्पुरती माणसे पुरविणाऱ्या धंद्यासाठी २०२२ साली ठरलेले 'लहान'चे माप म्हणजे सरासरी वार्षिक उलाढाल ३ कोटी ४० लाख डॉलरांच्या आत. आकडा ऐकून छाती दडपते. पण या धंद्यात आलेला बहुतेक पैसा पगारातच जातो, मालकाच्या हाती थोडा उरतो.

आता, जेथे राखीव पंगत तेथे आगंतुकही येणारच. म्हणून नियम आहे की लहान म्हणून सेवेचे कंत्राट घेतलेल्याने मिळालेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक पैसे मोठ्या पोटकंत्राटदाराला देता कामा नयेत. शिवाय मुख्य काम जर तो मोठाच करणार असेल, तर दोघांना एक धरून माप लावतात, आणि लहानपण तेथेच संपते.

आमच्यावर हा प्रसंग आला. एका सरकारी रुग्णालयात आमच्या एकोणीस नर्सेस काम करीत होत्या. मुदत संपली, नवे टेंडर निघाले आणि काम दुसऱ्या एका लहान संस्थेला गेले. हरलो याचे दुःख होतेच. पण दुसऱ्याच दिवशी आमच्या नर्सेसना फोन येऊ लागले. "जागा तीच, पगार थोडा कमी, येता का?" फोन करणारी माणसे त्या लहान संस्थेची नव्हती, एका बड्या कंपनीची होती. तेव्हा आमच्या लक्षात आले की पाटी लहानाची आहे, दुकान मोठ्याचे आहे.

मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकावरच फिर्याद करायची? पुढे ते आपल्याला दारात उभे करतील का?" ही भीती खोटी नव्हती. पण विचाराला वेळही नव्हता. जिंकणारा खरोखर लहान नाही अशी हरकत असेल, तर ती कामाचे पाचच दिवस धरून त्या मुदतीत द्यावी लागते. नुसता संशय चालत नाही. कारणे नेमकी लिहावी लागतात. आम्ही रात्री बसून कोणाला कधी फोन आला, कोणी केला, काय म्हणाला, याची टिपणे काढली व अर्ज दिला.

निर्णय आमच्या बाजूने लागला, ते कंत्राट रद्द झाले आणि नव्या टेंडरात काम आमच्याकडे आले. परंतु मधले महिने जुने काम थोड्या थोड्या मुदतीने वाढत राहिले. पुढचा पगार कोणाकडून येणार हे ठाऊक नसताना घर कसे चालवायचे? सात जणी दुसरीकडे गेल्या. न्याय मिळाला तरी उशिराची किंमत गरिबालाच पडते, हे मी तेव्हा पाहिले.

टेंडरांची छाननी नीट झाली नाही अशी तक्रार असेल, तर ती गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या कचेरीकडे जाते. ही कचेरी १९२१ साली स्थापन झाली. साधारणपणे कारण कळल्यापासून दहा दिवसांत अर्ज करायचा आणि कचेरीने शंभर दिवसांत निकाल द्यायचा. १९८४ च्या कायद्याने अशी सोय केली की अर्ज पुरेसा लवकर गेला, तर निकालापर्यंत नवे काम सहसा थांबते. २०२४ च्या आर्थिक वर्षात या कचेरीकडे सुमारे १८०० प्रकरणे आली. पुरी सुनावणी होऊन निकाल लागलेल्यांत अर्जदाराच्या बाजूचे १६ टक्केच. पण खात्याने स्वतःहून चूक सुधारली ती धरली, तर जवळजवळ निम्म्या प्रकरणांत अर्जदाराला काही ना काही दाद मिळाली. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. "त्याचा भाव फारच कमी आहे, एवढ्यात नर्सेस मिळणार नाहीत," एवढेच म्हणून ठराविक दराच्या कंत्राटात भागत नाही. भाव पेलणारा आहे की नाही हे तपासू, असे टेंडरात लिहिले असेल तरच ती हरकत टिकते. म्हणजे टेंडर हरल्यावर वाचायचे नसते, भरण्यापूर्वी वाचायचे असते.

आणखी एक उदाहरण सांगते. २००६ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या खात्यावर बंधन घातले की माजी सैनिकांच्या निदान दोन लहान संस्था वाजवी भावाने काम करू शकतील असे दिसले, तर स्पर्धा त्यांच्यापुरतीच ठेवावी. २०१२ साली खात्याने काही रुग्णालयांसाठी आणीबाणीच्या सूचना पाठविण्याचे काम तसे न करता दिले. किंगडमवेअर या लहान संस्थेने हरकत घेतली. वर सांगितलेल्या कचेरीने तिची बाजू उचलून धरली, पण कचेरीचे मत शिफारशीसारखे असते. खात्याने ते मानले नाही. पुढे ती संस्था दोन न्यायालयांत हरली. अखेर १६ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर ते काम केव्हाच पुरे झाले होते! तिच्या हाती ते कंत्राट आले नाही. पण नर्सेस पुरविणाऱ्यांसह माजी सैनिकांच्या पुढच्या सगळ्या लहान संस्थांना तो नियम पक्का झाला.

आता आपल्याकडे येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात म्हटले की अंगणवाडीतील आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत. ते काम शक्यतो गावकरी, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून करून घ्यावे. भगिनींनो, त्यात महिला मंडळांचा उल्लेख आहे! तरीही महाराष्ट्रात २०१६ साली टेंडरांना अशा अटी लागल्या की लहान गटांना दार बंद व्हावे. बचत गट न्यायालयात गेले, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी व त्यांवर दिलेली कंत्राटे रद्द ठरविली.

म्हणून माझे सांगणे एवढेच. उद्या आपले मंडळ शाळेच्या आहाराचे, गणवेशांचे किंवा रुग्णशुश्रूषेचे काम मागेल. ते मिळाले नाही तर गप्प बसू नये, आणि भांडूही नये. कारण लेखी मागावे, तारीख लिहून ठेवावी, मुदत चुकवू नये. हरकत घेणे म्हणजे वैर नव्हे. सरकारने स्वतःच घातलेल्या नियमाची त्याला आठवण करून देणे आहे. आपल्याला ते काम मिळेलच असे नाही, पण आपल्यामागून येणारीला दार उघडे सापडेल.