पत्रा, हातोडा आणि सांधा : जुन्या मोटारींच्या ॲल्युमिनिअम बॉडीची घडण

मोटारीची बॉडी आज प्रेसमधून निघते. पोलादी पत्रा दोन जड साच्यांच्या मध्ये ठेवून दाबला जातो आणि एका दाबासरशी त्याला दाराचा किंवा मडगार्डाचा आकार येतो. परंतु उद्योगात ज्यांना डाय म्हणतात असे हे साचे तयार करण्याचा खर्च इतका मोठा असतो की तो हजारो गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. ज्या गाडीचे दहावीस किंवा दोनतीनशे नगच निघायचे आहेत, तिच्यासाठी हा मार्ग बंद असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आणि त्यानंतरच्याही काही दशकांतील युरोपच्या उंची मोटारी याच दुसऱ्या वर्गात मोडत होत्या, त्यामुळे त्यांच्या बॉडीचा प्रत्येक भाग सपाट पत्र्यापासून हाताने घडवला गेला. आज ज्यांना व्हिंटेज किंवा क्लासिक म्हटले जाते त्या मोटारींची दुरुस्ती करायची, तर हीच पद्धत पुन्हा समजून घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखी कंपनी केवळ चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि खालचा सांगाडा एवढेच विकत असे, आणि ग्राहक ती चासी लंडनमधील बार्कर किंवा हूपर यांच्यासारख्या कोचबिल्डरकडे पाठवून तिच्यावर आपल्या पसंतीची बॉडी बांधून घेत असे. हिंदुस्थानातील अनेक संस्थानिकांच्या मोटारी याच रीतीने तयार झाल्या. इटलीत मिलान येथे १९२६ साली स्थापन झालेल्या तूरिंग या कोचबिल्डर संस्थेने १९३६ साली ‘सुपरलेजेरा’, अर्थात ‘अतिहलकी’, या नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा बांधून त्यावर ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा चढवला जाई. ब्रिटनमधील ॲस्टन मार्टिन कंपनीने १९५८ साली आलेल्या आपल्या डीबी४ या गाडीसाठी ही पद्धत परवान्याने वापरली आणि त्या बॉड्या न्यूपोर्ट पॅग्नेल येथील कारखान्यात हाताने घडवल्या. जग्वारचे उदाहरण याहून बोलके आहे. १९४८ च्या लंडन मोटार प्रदर्शनात दाखवलेल्या एक्सके१२० या गाडीला इतकी मागणी येईल असे कंपनीला वाटले नव्हते. त्यामुळे पहिल्या सुमारे २४० गाड्यांच्या बॉड्या ॲश जातीच्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनिअमचा पत्रा घडवून बांधल्या गेल्या आणि पोलादी बॉडीची डाय तयार झाल्यावर, १९५० पासून, हातकाम थांबले.

ॲल्युमिनिअमची निवड केवळ वजनासाठी झाली नव्हती, तरी वजनाचा हिशेब लक्षणीय आहे. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, तर ॲल्युमिनिअमची २.७ पट असते. त्यामुळे पोलादापेक्षा दीडपट जाड पत्रा वापरला तरी ॲल्युमिनिअमचा भाग जवळजवळ निम्म्या वजनात होतो. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचे नियंत्रित वाटप होत असताना हा धातू तुलनेने सहज मिळत होता, हेही एक कारण होते. कारागिराच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे मऊपणा. जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनिअमचा किंवा सुमारे सव्वा टक्का मँगनीज असलेल्या मिश्रधातूचा १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा लाकडी हातोड्याच्या घावाने सहज वळतो, आणि म्हणूनच या कामात तो रूढ झाला.

या कामाचे मूळ तत्त्व भूमितीचे आहे. पत्रा एकाच दिशेला वाकवून नळी किंवा कमान करता येते, त्यासाठी धातूचे क्षेत्रफळ बदलावे लागत नाही. परंतु मडगार्डाचा घुमटासारखा पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांना वळलेला असतो, आणि असा पृष्ठभाग सपाट पत्र्यातून मिळवायचा तर मधला भाग ताणून त्याचे क्षेत्रफळ वाढवावे लागते किंवा कडेचा भाग आक्रसून कमी करावे लागते. कोठे ताणायचे आणि कोठे आक्रसायचे हे ठरवण्यासाठी आधी गाडीच्या आकाराचा लाकडी फर्मा तयार केला जातो आणि त्यावर कागद पसरला जातो. जेथे कागदाला चुण्या पडतात तेथे पत्रा आक्रसावा लागणार, आणि जेथे कागद ताणला जाऊन कापावा लागतो तेथे पत्रा ताणावा लागणार, असा त्याचा अर्थ होतो. फर्मा हा साचा नव्हे, कारण त्यावर पत्रा ठोकला जात नाही. पत्रा बाहेर घडवून पुनःपुन्हा फर्म्यावर बसवून पाहिला जातो, म्हणजे फर्मा मापाचे काम करतो.

ताणण्याचे पहिले काम वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर किंवा खळगा कोरलेल्या लाकडी ओंडक्यावर, गोल डोक्याच्या लाकडी हातोड्याने होते. त्यातून पत्र्याला ढोबळ खोली येते, पण पृष्ठभाग अक्रोडासारखा उंचसखल राहतो. आक्रसण्यासाठी कडेला मुद्दाम चुण्या पाडल्या जातात आणि चुणीचे तोंड आधी बंद करून ती स्वतःतच ठोकून बसवली जाते, तेव्हा तेथील धातू जाड होतो आणि कडेची लांबी घटते. त्यानंतर पत्रा इंग्लिश व्हील या यंत्राकडे जातो. या यंत्रात वर एक मोठे सपाट चाक आणि खाली एक लहान, किंचित फुगीर चाक असते, आणि त्यांच्या मध्ये पत्रा दाबून मागेपुढे सरकवला असता जेथे दाब पडतो तेथे धातू अत्यल्प प्रमाणात पातळ होऊन पसरतो. एकमेकींना चिकटून जाणाऱ्या फेऱ्यांमधून उंचसखलपणा नाहीसा होतो आणि आकार भरत जातो. खालच्या चाकाची फुगीरता किती आणि वरून दाब किती, हे कारागीर हवा असलेला उठाव पाहून ठरवतो. ज्या जागी चाक पोचत नाही तेथे आतून डॉली नावाचा पोलादी ठोकळा धरून बाहेरून हातोड्याने पत्रा मठारला जातो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर जे मठारकाम होते त्यात घावांच्या खुणा शोभेसाठी राखल्या जातात. मोटारीच्या पत्र्यावर घाव एकमेकांत मिसळून त्या खुणा नाहीशा करायच्या असतात. घावांनी धातू कठीण होणे ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच घडते.

हे कठीण होणे उपयोगीही आहे आणि अडचणीचेही. तयार भागाला कणखरपणा त्यामुळेच येतो, पण काम अर्धवट असताना पत्रा कठीण झाला तर तो पुढे वळत नाही आणि तडकतो. अशा वेळी तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. या क्रियेस अनीलिंग म्हणतात. शुद्ध ॲल्युमिनिअमला त्यासाठी सुमारे साडेतीनशे आणि मँगनीजयुक्त मिश्रधातूला सुमारे चारशे अंश सेल्सिअस तापमान लागते. अडचण अशी की पोलाद तापताना लाल होऊन इशारा देते, तर ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळेपर्यंत रंग बदलत नाही, आणि बेसावध कारागिराचा पत्रा क्षणात भोक पडून खाली ओघळतो. म्हणून ॲसिटिलीनची ज्योत आधी ऑक्सिजनशिवाय लावून पत्र्यावर काजळी धरली जाते, मग ज्योत नीट करून ती काजळी जळून जाईपर्यंतच उष्णता दिली जाते. काजळी उडाली की पत्रा मऊ झाला असे समजतात.

मोठा भाग एका पत्र्यात क्वचितच होतो. मडगार्ड तीन किंवा चार तुकड्यांत घडवून ते तुकडे एकमेकांना जोडले जातात, आणि येथे वेल्डिंगचा प्रश्न येतो. ॲल्युमिनिअमच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिपातळ थर सतत तयार होत असतो, आणि हा थर दोन हजार अंशांच्याही पुढे वितळतो. परिणामी आतील धातू पाण्यासारखा पातळ झाला तरी वरची साय तशीच राहते आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. शिवाय हा धातू पोलादाच्या कित्येक पट वेगाने उष्णता दूर नेतो आणि तापल्यावर जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. त्यामुळे जोड सुरू करताना कडा तापत नाहीत आणि काम पुढे गेल्यावर एकाएकी सगळे अति तापते.

या अडचणीवर जुना उपाय गॅस वेल्डिंगचा होता. क्लोराइड आणि फ्लोराइड क्षारांचे फ्लक्स नावाचे मिश्रण पाण्यात कालवून कडांना आणि भरणीच्या तारेला लावले जाते. ते तापल्यावर ऑक्साइडचा थर विरघळवते आणि ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या लहान ज्योतीखाली धातू एकजीव होतो. भरणीसाठी अनेकदा त्याच पत्र्याची कातरलेली पट्टी वापरली जाते, म्हणजे सांध्याचा धातू मूळ पत्र्यापेक्षा वेगळा पडत नाही. फ्लक्समधील सोडिअममुळे ज्योत पिवळीधमक पेटते आणि वितळलेले डबके दिसेनासे होते, म्हणून खास काचेचे चष्मे लागतात. काम झाल्यावर उरलेले फ्लक्स गरम पाण्याने आणि कडक ब्रशने पूर्ण धुवावे लागते. ते फटीत राहिले तर ओल शोषून धातू खात राहते आणि वरच्या रंगाला फोड येतात.

दुसरा उपाय म्हणजे टिग वेल्डिंग. टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकापासून निघणारी विजेची ठिणगी आणि तिच्याभोवती निष्क्रिय वायूचे आवरण, असे तिचे स्वरूप असते. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्थ्रप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी हीलिअम वायू वापरून ती विकसित केली, पुढे आर्गॉनचा वापर सर्वत्र झाला. ॲल्युमिनिअमसाठी प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युतप्रवाह दिला जातो. त्याच्या एका अर्ध्या फेरीत ऑक्साइडचा थर ठिणगीनेच फुटून निघतो, त्यामुळे फ्लक्स लागत नाही आणि धुण्याचाही प्रश्न उरत नाही.

तरीही हातकामात गॅस मागे पडला नाही, याचे कारण वेल्डिंगनंतरच्या कामात आहे. सांधा थंड होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा आत खेचून घेतो, म्हणून जोड पूर्ण झाल्यावर त्याच्या लांबीवर डॉली धरून ठोकून तो पुन्हा ताणावा लागतो. गॅसची ज्योत रुंद पट्टा तापवते आणि तो सावकाश थंड होतो, त्यामुळे सांधा व त्याच्या दोन्ही बाजू मऊ राहतात आणि हातोड्याला साथ देतात. टिगचा ताप अरुंद असतो, खेच कमी असते, परंतु सुमारे पाच टक्के सिलिकॉन असलेली प्रचलित तार वापरली तर सांध्याची रेघ शेजारच्या पत्र्याहून कठीण होते आणि ठोकताना तिच्या कडेला चीर जाऊ शकते. शुद्ध ॲल्युमिनिअमची तार वापरून ही उणीव बरीच भरून काढता येते. म्हणजे वेल्डिंगची पद्धत सांध्याच्या मजबुतीवरून नव्हे, तर त्यानंतर तो किती ठोकायचा आहे यावरून निवडली जाते. याच कारणाने सांधा कोठे पडावा हे पत्रा कापण्यापूर्वीच ठरवावे लागते. सपाट जागी पडलेला सांधा पत्र्याला लाटा आणतो, तर चांगला उठाव असलेल्या जागी तोच सांधा आकाराच्या आधाराने स्थिर राहतो. कडा फट न ठेवता भिडवणे आणि आधी जवळजवळ टाके घेणे हे त्यापुढचे नियम होत. शेवटी कानस हलकेच फिरवली जाते. ती उंच जागा चमकवते आणि खोल जागा काळ्या ठेवते, मग खोल जागा आतून उचलल्या जातात. कानशीने धातू उतरवणे हा तिचा उद्देश नसतो, कारण दीड मिलिमीटरच्या पत्र्यात उतरवण्याजोगे फारसे काही नसते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत याहून वेगळी एक आपत्ती उभी राहते. ॲल्युमिनिअम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असताना मध्ये ओल शिरली की त्यांच्यात विजेच्या घटासारखी रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनिअम झिजू लागते. पोलादी नळीभोवती ॲल्युमिनिअमची कड दुमडलेल्या सुपरलेजेरा बॉडीत हा दोष रचनेतच आहे, म्हणून तिच्या दुरुस्तीत दोन्ही धातूंच्या मध्ये न भिजणारा अडसर घालणे हे नव्या पत्र्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

अलीकडे गाडीचे संगणकीय मापन करून फर्मा यंत्राने कापून घेता येतो, आणि त्याने डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी करता येते. परंतु हाताने घडलेल्या मूळ गाडीच्या दोन्ही बाजू बहुधा तशा नसतातच. डाव्या मडगार्डाची प्रतिमा उलटवून उजवे केले, तर ते नीटनेटके असूनही त्या गाडीचे नसते, आणि जुन्या दारांशी व बॉनेटशी त्याच्या फटी जुळत नाहीत. म्हणून जाणकार दुरुस्तीत फर्मा त्याच गाडीच्या त्याच बाजूवरून घेतला जातो, शाबूत पत्रा राखून फक्त कुजलेला पट्टा कापला जातो, आणि नवा तुकडा ठोकता येईल अशा मऊ सांध्याने जोडला जातो. हातोड्याने घडलेल्या बॉडीत पुढच्या पिढीतील कारागिरालाही हातोडा चालवता आला पाहिजे, आणि दुरुस्तीची प्रत ठरवताना हीच कसोटी सर्वांत आधी लावावी लागते.