वाळूतले सोने कोणाचे?



आज आम्ही तुम्हांला एका अंगठीची गोष्ट सांगणार आहोत.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही कोकणात समुद्रकाठच्या एका गावी गेलो होतो. देशावरून बरीच मंडळी समुद्र पाहायला आली होती. दुपारी बाराचा सुमार. भरती चांगली चढली होती. इतक्यात एक बाई रडू लागली. तिच्या बोटातली सोन्याची अंगठी पाण्यात पडली होती. 'सासूबाईंनी जाताना माझ्या बोटात घातली होती हो!' असे ती म्हणत होती.

लोक पाण्यात शिरले. पायांनी वाळू उकरू लागले. तेव्हा एक म्हातारा तांडेल पुढे आला. तो म्हणाला, 'कुणी वाळू तुडवू नका. बाय, तू कुठं उभी होतीस?' तिने जागा दाखवली. पाणी तिथे गुडघ्याएवढे होते. तांडेलाने किनाऱ्याकडे वळून पाहिले. सुरूचे एक उंच झाड आणि देवळाचा कळस एका रेषेत दिसत होते. 'ही खूण ध्यानात ठेवा. आता ओहोटी लागू द्या,' तो म्हणाला.

आम्ही विचारले, 'काका, तोवर अंगठी वाहून नाही का जाणार?'

तांडेल हसला. 'सुपात दाणे पाखडता तेव्हा काय होतं? फोल उडतं, दाणा राहतो. समुद्रही तसंच पाखडतो.'

किती खरे बोलला तो! वाळू पाण्याच्या अडीच पटींहून थोडी जड असते. चांदी साडेदहा पट जड. शुद्ध सोने तर 19 पट जड. म्हणून लाट वाळू उचलते, पण सोने सहसा उचलत नाही. सोने ओल्या वाळूत खाली खाली जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. ती वाळूही पांढरीपेक्षा जड असते. लाटांनी हलकी वाळू नेली, म्हणून जड वाळू मागे राहिली.

पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येते. तेव्हा भरती मोठी असते, तशी ओहोटीही मोठी असते. पाणी दूरवर मागे हटते. संध्याकाळी सहाला ती जागा उघडी पडली. पण अंगठी दिसेना. वाळूने तिला झाकून टाकले होते.

तिथे गावचाच एक मुलगा आला. तो मुंबईला नोकरी करतो. त्याच्याजवळ धातू शोधायचे यंत्र होते. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. लोक म्हणाले, 'ही काय जादू?'

मंडळी, यात जादू नाही. चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. सेलमधली वीज त्यात खेळते. त्यामुळे चकतीभोवती लोहचुंबकासारखी शक्ती पसरते. ती डोळ्यांना दिसत नाही. खाली धातू असला, तर त्या धातूतही बारीकशी वीज उठते. यंत्राला ते कळते आणि ते आवाज करते. दगड, काच, लाकूड यांना ते आवाज देत नाही. पण खारे पाणी आणि काळी वाळू त्याला कधी कधी फसवतात. ते फार खोलवरचेही सांगत नाही. अंगठीसारखी लहान वस्तू असेल, तर साधारण वीतभर खोलपर्यंतच सांगते.

असल्या यंत्राने फार मोठी कामे केली आहेत. 1942 साली आफ्रिकेत एल् अलामेनची लढाई झाली. तिथे वाळूत सुरुंग पेरलेले होते. अशा यंत्रांनी ते शोधले आणि सैनिकांसाठी वाट मोकळी केली.

मुलाने चकती हळूहळू फिरवली. आवाज आला. वाळू उकरली. निघाले काय? सोड्याच्या बाटलीचे झाकण! पुन्हा आवाज आला. गंजलेला खिळा निघाला. असे सात-आठ वेळा झाले. पूर्वेला चंद्र वर आला. शेवटी वीतभर वाळूखालून अंगठी निघाली. बाईने ती डोळ्यांना लावली. ती मुलाला पैसे देऊ लागली. मुलगा म्हणाला, 'काकू, तुमचीच वस्तू तुम्हांला दिली. त्याचे पैसे कसले?'

परत येताना सुरूच्या झाडांखाली यंत्र पुन्हा वाजले. मातीतून एक काळपट तांब्याचे नाणे निघाले. एका बाजूला अक्षरे होती. 'श्री राजा शिव' असे आम्ही लावून वाचले. ती शिवराई होती!

एक जण म्हणाला, 'चिंच लावून घासा, लख्ख होईल.' दुसरा म्हणाला, 'बाजारात विकून टाक.' तिसरा म्हणाला, 'कुणाला सांगू नकोस.'

मंडळी, हे तिन्ही सल्ले चुकीचे. चिंचेने घासले की नाण्यावरची अक्षरे झिजतात. मग ते नाणे मुके होते. नाणे काय काय सांगते, ते ऐका.

1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीची 13,000 हून अधिक नाणी सापडली. ती नहपान राजाची होती. पण त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाने आपला छाप मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्यावरून कळले, की सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर? चार पाटल्या झाल्या असत्या, आणि हा पुरावा कायमचा गेला असता.

मग असे काही सापडले तर काय करावे?

हरवलेला दागिना असेल, तर मालक शोधावा. मालक कळला नाही, तर पोलीस ठाण्यावर द्यावा. दुसऱ्याची वस्तू दडपणे हा गुन्हा आहे.

जमिनीतले जुने धन असेल, तर त्यासाठी 1878 सालचा कायदा आहे. धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे सापडले, कधी सापडले, हे लिहावे. कोणी मालक ठरला नाही, तर कायद्याप्रमाणे शोधणाऱ्यालाही वाटा मिळतो. दडवले, तर वाटा जातो. वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि जुने किल्ले, लेणी यांच्या आवारात परवानगीवाचून खणू नये. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर शोधायला तर मुळीच जाऊ नये. सोने पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.

त्या रात्री मुलाने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. तांडेलाने तो वाचून पाहिला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. तो उतारवयात, रात्रीच्या वर्गात लिहायला शिकला होता. सही करून तो म्हणाला, 'पोरा, हपापाचा माल गपापा. लपवून ठेवलं असतंस, तर झोप लागली नसती.'

मंडळी, समुद्र दुसऱ्याची वस्तू सांभाळून ठेवतो. आपणही तसेच वागू या.