जुळ्यांच्या खिशातला नकाशा

आज हॅरी पॉटरबद्दल बोलायचंय, आणि तेही त्यातल्या न जुळणाऱ्या गोष्टींबद्दल. सातही पुस्तकं ज्यांची वाचून झालेली नाहीत त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत.

आधी साध्या चुका उरकून घेऊ. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत निक नावाचं भूत सांगतं, की जवळजवळ चारशे वर्षं त्याच्या पोटात अन्न नाही. दुसऱ्या पुस्तकात त्याच निकची पाचशेवी पुण्यतिथी होते आणि केकवर तारीख असते ३१ ऑक्टोबर १४९२. मधली शंभर वर्षं गेली कुठे? गंमत अशी, की वाचकांनी याच केकवरून अख्ख्या मालिकेची कालगणना मांडली. दुसरं पुस्तक १९९२चं, म्हणजे हॅरीचा जन्म १९८०चा. मग त्या हिशोबात डडली सापडतो! चौथ्या पुस्तकात, १९९४च्या उन्हाळ्यात, तो रागाने प्लेस्टेशन फेकून देतो. प्लेस्टेशन जपानमध्येच विकायला आलं डिसेंबर १९९४मध्ये. असू दे. असल्या चुकांनी माझी झोप उडत नाही.

त्याच पुस्तकाच्या शेवटी एक चूक होती, तिने मात्र उडायची. स्मशानात हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट यांच्या छड्या एकमेकींना भिडतात. दोन्हींच्या गाभ्यात एकाच फिनिक्सचं पीस असल्यामुळे व्होल्डेमॉर्टच्या छडीने ज्यांचे जीव घेतले, त्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर पडू लागतात. शेवटी मेलेला आधी. सेड्रिक येतो, मग म्हातारा फ्रँक, मग बर्था. आणि २०००च्या पहिल्या आवृत्तीत त्यानंतर आले हॅरीचे वडील, मग आई. नियमाप्रमाणे हे उलटं होतं. नंतरच्या छपाईत ते दुरुस्त झालं.

आई आधी की बाबा आधी, काय बिघडतं, असं मला एकाने विचारलं होतं. अहो, सगळंच बिघडतं. जेम्स आधी मेला. लिलीला तर बाजूला हो म्हणून सांगितलं होतं, तिला जगता आलं असतं. ती हलली नाही, म्हणून बाळाला कवच मिळालं आणि म्हणून ही सात पुस्तकं आहेत. तो क्रम म्हणजे कथेचा पाया आहे.

आता माझ्या आवडीचा घोळ. फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्यांनी पहिल्याच वर्षी फिल्चच्या कार्यालयातून एक नकाशा पळवला. हॉगवर्ट्समध्ये कोण कुठे आहे, ते त्यात नावासकट दिसतं. वेषांतर केलं, रूप बदललं, तरी नकाशा फसत नाही. आणि तिसऱ्या पुस्तकात कळतं, की रॉनचा उंदीर स्कॅबर्स म्हणजे पीटर पेटिग्रू. रॉनच्या आधी तो पर्सीकडे होता. म्हणजे नकाशा जुळ्यांच्या हातात होता तेवढी वर्षं, साधारण चार, त्यांच्या सख्ख्या भावाच्या खोलीत रोज रात्री एक परका माणूस झोपलेला दिसायला हवा होता.

यावर नेहमीचं उत्तर असं, की शेकडो नावांच्या गर्दीत एक नाव कोण बघतो. पोरांचं लक्ष फिल्च कुठे आहे एवढ्याकडेच. मला हे उत्तर अर्धंच पटतं. फिल्च चुकवायला एक ठिपका पुरतो, कबूल. पण ज्या मनोऱ्यात आपण स्वतः राहतो, तिकडे चार वर्षांत एकदाही नजर जाऊ नये? शिवाय पेटिग्रू हे नाव काही अनोळखी नव्हतं. सिरियस ब्लॅकने मारलेला शूर माणूस म्हणून त्याला मरणोत्तर मानाचं पदक मिळालं होतं.

प्लेस्टेशनची चूक कुणाला महागात पडली नाही. इथे मात्र सिरियस अझकाबानमध्ये बारा वर्षं सडत होता, ज्या माणसाच्या खुनासाठी, तो जिवंत असल्याचा पुरावा शेवटची चार वर्षं दोन खोडकर पोरांच्या खिशात घडी घालून पडलेला होता. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी याला लेखिकेची चूक म्हणायला तयार नाही. ही न सांगितलेली गोष्ट आहे, आणि ती राहून गेली याचं मला वाईट वाटतं.

कारण पाचव्या पुस्तकात बहुतेक वीझली सिरियसच्याच घरी राहायला येतात. फ्रेड, जॉर्ज आणि तो, एकाच टेबलावर जेवतात. ज्यांनी नकाशा बनवला त्या चौघांतला एक समोर बसलेला, आणि ज्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला ते दोघे त्याला वाढप करताना बटरबिअर सांडून ठेवतात. पेटिग्रूचं नाव कधी दिसलं होतं का, एवढं त्या घरात कुणीच त्यांना विचारत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सिरियस जिवंतही राहत नाही.