वारसा आणि वहीम



विडी कामगारांत आणि तुमसरकडच्या मँगनीज खाणींत संघटनेचे काम करताना एक वाक्य आमच्या कानी वारंवार येते : 'त्या घरात वेड आहे, तेथे मुलगी देऊ नका.' आजार एकाचा, शिक्षा साऱ्या घराला!

कधी उन्मादाची, तर कधी खिन्नतेची लाट आणणाऱ्या या आजाराला द्विध्रुवी विकार म्हणतात. तो घराण्यात उतरतो काय? काही अंशी उतरतो. पण कसा, ते पाहिले पाहिजे.

आपल्या भंडाऱ्याला सिकलसेल परिचित आहे. तो एकाच जनुकाचा दोष. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर अपत्याला तो होण्याचा संभव चारात एक. रक्त तपासले की कळते. द्विध्रुवी विकाराचे तसे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात त्याच्याशी निगडित २९८ जनुकीय स्थाने आढळली. प्रत्येकाचा वाटा अल्प. सामान्यतः शंभरात सुमारे एकाला होणारा हा विकार आईला वा बापाला असल्यास मुलांत शंभरी पाच ते दहांना होतो. बाकीचे नव्वद सुटतात! वारसा मिळतो तो प्रवृत्तीचा, आजाराचा नव्हे.

शिवाय त्यावर औषध आहे. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियात केड यांनी १९४९ सालीच दाखविला. सरकारी वा सरकारी मदतीवर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे.

म्हणून घराण्याचा इतिहास डॉक्टरांपासून लपवू नका. आणि सोयरीक मोडण्यासाठी तो उगाळूही नका.