बिनपगारी संधी कुणाला परवडते?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला आहे : पदवीनंतर परदेशातल्या विकासकामाच्या संधी. ग्रामीण आरोग्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हा मान मिळाला. पण मी सुरुवात करते ती हुकलेल्या संधीपासून.

2005 साली समाजकार्याची पदवी हातात होती. युरोपातल्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली. बारामतीच्या सायबर कॅफेत बसून मी ते पत्र तीनदा वाचलं. शेवटची ओळ अशी होती की मानधन मिळणार नाही. प्रवास, राहणं, जेवण ज्याचं त्यानं बघायचं.

अण्णांना सांगितलं. ते नुसतं "बघू" म्हणाले. चार दिवसांनी आईकडून कळलं, अण्णा पानमळ्याच्या रानाला गिऱ्हाईक बघतायत. मी त्याच दिवशी नकार कळवला आणि घरी सांगितलं, "तिकडूनच रद्द झालं." अण्णा जाईपर्यंत मी हे खोटं दुरुस्त केलं नाही. आई आज पुढच्या रांगेत बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय.

त्यानंतर मी शेजारच्या जिल्ह्यात, जामखेडला गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथं काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी गेले तेव्हा तिथली एक मावशी बाळंतपणातली जोखीम कशी ओळखायची ते समजावत होती आणि परदेशातून आलेली पदवीधर मुलं वह्या उघडून बसली होती. जे शिकायला मी तिकडं निघाले होते, ते शिकायला ती मुलं इकडं आली होती. फरक एवढाच, की त्यांच्या तिकिटापायी कुणाचं रान विकायला निघालं नव्हतं.

मुलांनो, आता कामाचं बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची असते आणि ती बिनपगारी असते. 2015 मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न तंबूत राहत होता. जगभर त्याची बातमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं 2020 पासून इंटर्नना भत्ता द्यायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक हा कार्यक्रम 1970 पासून आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथं आहे. त्यात 18 ते 26 वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे आणि निर्वाह भत्ताही मिळतो. तेव्हा अर्ज भरण्याआधी "भत्ता किती?" हे विचारा. असं विचारणं म्हणजे हावरटपणा नव्हे.

आणि पासपोर्टची वाट बघत बसू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 2006 पासून 'निर्माण' हा युवकांचा उपक्रम चालवला आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली उभी केलेली 'बाएफ' आहे. आपल्या शेजारी बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. आधी तिथलं काम बघा. पाण्याची पाळी, दूध डेअरी, बचत गट यातलं तुम्हाला जे घरबसल्या माहीत आहे, ते बाहेरच्यांना पुस्तकातून शिकावं लागतं. मुलाखतीत ते लाजत सांगू नका.

शेवटचं मागणं माझ्या बरोबरीच्यांकडं आहे. आपल्या गावात तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. आलेल्या वारकऱ्याला आपण कधी विचारतो का, "जेवणाचे पैसे आणलेत का?" पिढ्यान्‌पिढ्या आपण वाटेवरच्या अनोळखी माणसांना जेवू घालत आलो. मग आपल्याच शाळेतलं एखादं लेकरू शिकायच्या वाटेला लागलं, तर त्याच्या सहा महिन्यांच्या जेवणाखाण्याची सोय आपल्याला जड आहे का? आपण सगळ्यांनी मिळून एक निधी उभा करू. पहिली रक्कम अण्णांच्या नावानं मी आज देते आहे. पानमळ्याचं रान अजून आमच्याकडंच आहे. त्याच्याच उत्पन्नातली ही रक्कम.