तासिकेवरचे सर

(मुक्ताईनगर येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला इथे बोलावलं ते करिअरवर बोलायला. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, इंजिनिअर आहे, म्हणजे पोरांना कोडिंग शिका, इंग्लिश सुधारा असं सांगेन, अशी अपेक्षा असणार. पण गेल्या महिन्यात मुमानींचा फोन आला. त्यांच्या मुलीला बारावीला चांगले मार्क पडलेत आणि ती म्हणते, मला इतिहासात एम.ए. करायचंय, कॉलेजात शिकवायचंय. मुमानी म्हणाल्या, "तू समजाव तिला. तुझं ऐकेल." मी हो म्हणालो आणि समजावण्याआधी जरा चौकशी केली. आजचं बोलणं त्या चौकशीचंच आहे.

चौकशी लांब जाऊन करावी लागली नाही. माझ्या खालाचे थोरले चिरंजीव, आमचे भाईजान, इतिहास शिकवतात. सीएचबीवर. क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत 'तासिका तत्त्वावर'. जेवढे तास, तेवढे पैसे. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय.

मला खरंच वाटायचं की तासिकेवरचे सर म्हणजे ज्यांचं शिक्षण थोडं कमी पडलं ते. शिकताना आपण सगळे असंच समजतो. 'परमनंट' सर वेगळे, 'सीएचबी'वाले वेगळे. पण पात्रता बघा. एम.ए.ला किमान 55 टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट, नाहीतर नियमात बसणारी पीएच.डी. ही अट दोघांना एकच आहे. भाईजानांकडे एम.ए. आहे, बी.एड. आहे, सेट आहे, पीएच.डी. आहे. स्टाफरूममधल्या काही कायम प्राध्यापकांपेक्षा एक पदवी जास्तच आहे. फरक पात्रतेत नाही, नेमणुकीच्या कागदात आहे. तो कागद दरवर्षी संपतो. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी मुलाखत, तेच कागद पुन्हा झेरॉक्स.

आता पैसे. 2023 मध्ये सरकारने दर वाढवले. पदवी वर्गाला कला शाखेत तासाला 900 रुपये झाले. आठवड्याला नऊ तासिका धरा. महिन्याला 32,400. ऐकायला वाईट नाही. पण दिवाळीत तास नाही, परीक्षेत तास नाही, मे महिन्यात तर नाहीच. आणि बिल निघायला जे महिने जातात ते वेगळेच. बाजूच्या खुर्चीवरच्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. यूजीसीने 2019 मध्येच अतिथी अध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 द्या असं सांगितलं होतं. त्याला बरीच वर्षं झाली.

मग जागा भरत का नाहीत? भरतात, थेंबाथेंबाने. 2018 मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या 3,580 जागांना मान्यता दिली. त्यातल्या उरलेल्या 2,088 जागांना पुन्हा मान्यता द्यायला 2021 उजाडलं. मधल्या काळात वर्ग काही बंद नव्हते. ते तासिकेवरच्यांनी घेतले.

पोट भरायला हे लोक दुसरं काहीतरी करतात. भाईजानांच्या ओळखीतले हिंदीचे एक सर वर्तमानपत्राला बातम्या देतात. राज्यशास्त्राच्या एक मॅडम संध्याकाळी क्लास घेतात. मराठीचे एक सर शेती बघून येतात, चपलेला माती असते. भाईजान सकाळी कॉलेज आणि दुपारी केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब बघतात. मधे दोन वर्षं एका वकीलसाहेबांकडे दस्तांचे मसुदे लिहीत होते. पण बायोडेटात यातली एक ओळही नसते. का, विचारलं. म्हणाले, "मुलाखतीत कळलं तर म्हणतात, हा काय शिकवणार, याचं लक्ष धंद्यात."

इथे मला माझी स्वतःची गंमत कळली. यूजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची योजना आणली. आपल्या क्षेत्रात नाव कमावलेला, वरच्या पदावर काम केलेला, किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस विद्यापीठात शिकवू शकतो. नेट नको, पीएच.डी. नको. साहित्य, माध्यमं, समाजशास्त्रं, सगळी क्षेत्रं त्यात आहेत. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, बाहेरचा अनुभव वर्गात यायलाच हवा. पण तिच्यात एक ओळ आहे: आधीच अध्यापनाच्या पेशात असलेल्यांना ती खुली नाही. म्हणजे मला बारा वर्षं झालीत, अजून तीन गेली आणि वरची खुर्ची मिळाली तर एम.ए. न करता मी निदान अर्ज करू शकेन. भाईजान नाही करू शकत. माझ्या नोकरीला अनुभव म्हणायचं आणि त्यांच्या नोकरीला लक्ष विचलित होणं.

आणि तो अनुभव किती कामाचा आहे, ते मी एकदा त्यांच्या वर्गात मागे बसून पाहिलं. विषय होता मध्ययुगीन महसूल. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर शब्द लिहिले: अर्ज, दस्तऐवज, तहसील, जिल्हा, फिर्याद, वारस. पोरांना विचारलं, घरच्या सातबाराशी, खरेदीखताशी, तहसील कचेरीशी संबंध येतो तेव्हा यातले कुठले शब्द ऐकता? सगळे, म्हणाली पोरं. मग हे अरबी-फारसी शब्द तुमच्या आजोबांच्या शेतापर्यंत कसे पोचले, इथून तास सुरू झाला. वकिलाकडे मसुदे लिहिले नसते तर हा तास असा झाला नसता.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी 2009 पासून मौलाना आझाद फेलोशिप होती. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ती बंद केल्याचं संसदेत सांगितलं. कारण दिलं की इतर योजना आहेतच. पण वर्षभर खात्यात पैसे न येता संशोधन करायचं, तर ते कोण करतं? ज्याच्या घरी दुसरं कोणी कमावतं तो. आपल्याकडे ते दुसरं कोणी बहुतेक वेळा रिक्षा चालवतं किंवा आखातात असतं.

कोणी म्हणेल, नोकरी करून लिहा ना. लिहिलंय की लोकांनी. असगर अली इंजिनिअर सिव्हिल इंजिनिअर होते, मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षं नोकरी केली आणि इस्लामच्या इतिहासावर, दंगलींवर लिहीत राहिले. कोसंबी तर गणिताचे. त्यांचा पगार दुसरीकडून येत होता. पण सोलापूरला राज्यशास्त्र शिकवणारे फकरुद्दीन बेन्नूर सर घ्या, संतसाहित्यातले यू. म. पठाण सर घ्या, जे 1990 मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पायाखाली कायम नोकरी होती. दरवर्षी मुलाखत द्यावी लागली असती तर त्यांनी किती लिहिलं असतं, मला शंका आहे.

आणि लिहायचं काय, ते आपल्या दारात आहे. या गावाला म्हातारी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. जवळच बऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांची राजधानी. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती सल्तनत संपली. तिथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. भाईजान स्वखर्चाने पोरांना घेऊन गेले होते. एका मुलाने विचारलं, "सर, हे दोन्ही वाचता येणारं आपल्याकडे कोण आहे?" भाईजान म्हणाले, अरबी थोडं मी, संस्कृतला आपल्या कॉलेजातल्या मॅडम. त्या मॅडमही तासिकेवरच. पुढच्या वर्षी त्यांना घेतलं नाही.

मुमानींच्या मुलीला मी काय सांगितलं ते सांगतो आणि बसतो. जाऊ नको, असं नाही सांगितलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून नेटची तयारी कर म्हणालो. नुसतं पास होण्यासाठी नाही, जेआरएफसाठी. त्यात महिन्याला 37,000 मिळतात आणि तिला वयाची अट आहे, मुलींना पस्तीस. उर्दू घरात आहे, तिच्यावर फारसी शीक, मोडी शीक. सोबत एक हुन्नर ठेव: भाषांतर, पत्रकारिता, वकिली, काहीही. आणि ते बायोडेटात लिही. अब्बूंना मी सांगितलं की लग्नाचं स्थळ बघताना "पोरगी कॉलेजात प्रोफेसर आहे" असं कोणी म्हणालं, तर तासिकेवर की कायम, हे आधी स्वतःला विचारा. हसू नका, यावरून भांडणं झालेली मी पाहिलीत.

मुलीने ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला: भाईजानांना पुन्हा संधी मिळाली तर ते इतिहासच घेतील का? मला उत्तर माहीत नव्हतं. भाईजान तिकडे शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसलेत. चहाच्या वेळी त्यांनाच विचारा. फार वेळ थांबवू नका. उद्या सकाळी साडेसातला त्यांचा पहिला तास आहे.