ठेव आणि खर्च यांतील भेद



चाळीस वर्षे मी कापड बोटांनी पारखत आलो. धागा कशाने टिकतो व कशाने तुटतो, याचे उत्तर देणारे शास्त्र म्हणजे मटेरियल्स सायन्स. २०२३ मध्ये धाकट्या चिरंजीवाने त्यासाठी जर्मनीला पदव्युत्तर शिक्षणास जाण्याची इच्छा व्यक्त केली. ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ११,२०८ युरो, म्हणजे सुमारे दहा लाख रुपये, भरावे लागणार हे ऐकताच ती फी समजून मी नकार दिला.

वस्तुतः ती रक्कम विद्यार्थ्याच्याच वर्षभराच्या निर्वाहाची होती. तेथे पोचल्यावर दरमहा ९३४ युरो त्यालाच परत मिळणार होते. बहुतेक जर्मन राज्यांतील सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र २०१७ पासून आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रास १,५०० युरो द्यावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे.

पुढील वर्षी तो डार्मस्टाटला गेला. तोवर ठेवीची रक्कम ११,९०४ युरो झाली होती. पैसा पुन्हा उभा राहिला; त्याचे वर्ष मात्र परत आले नाही. बी.कॉम. झालेल्या व्यापाऱ्याला ठेव आणि खर्च यांतील भेद कळू नये, याची खंत वाटते. पालकहो, नकार देण्यापूर्वी मुलांसमवेत बसून हिशेब समजून घ्यावा, हीच नम्र विनंती.